एका किलो उत्प्रेरकामागे माल किती?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

‘पुन्हा पुन्हा वापरता येणारा हरित उत्प्रेरक’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया वेगानं घडवून आणणारा, पण स्वतः त्यात न संपणारा पदार्थ. या बातम्यांत एक आकडा हमखास असतो : उत्प्रेरक पाच वेळा वापरला, आठ वेळा वापरला, दहा वेळा वापरला. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली, तळोजा, तारापूर इथल्या रासायनिक सांडपाण्याच्या बातम्या तर नेहमीच्याच. या दोन्हींचा संबंध थेट आहे, पण तो क्वचितच जोडून दाखवला जातो. आणि ‘किती वेळा वापरला’ हा आकडा त्या संबंधाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. विचारायला हवं ते असं : एका किलो उत्प्रेरकामागे किती किलो माल निघाला, आणि तो उत्प्रेरक शेवटी कशानं निकामी झाला? कार्बनी रसायनांच्या निर्मितीत काम करणारे आम्ही काही जण याबद्दल जरा तपशिलात लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे, पण हा विषय आकड्यांवाचून सांगता येत नाही.

आधी सांडपाण्याकडे पाहू. रंग, औषधांची इंटरमीडिएट्स (मधल्या टप्प्यांतली रसायनं), सुगंधी द्रव्यं, प्लॅस्टिसायझर बनवणाऱ्या कित्येक लहान कारखान्यांत आजही गंधकाम्ल, पीटीएसए (एक तीव्र सेंद्रिय आम्ल), अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड आणि लोखंडाचा चुरा यांवरच काम चालतं. बॅच संपली की आम्ल मालातच विरघळलेलं राहतं. ते काढायचं तर सोडा अ‍ॅश घालून मारायचं म्हणजे उदासीन करायचं, पाण्याचे दोन-तीन वॉश द्यायचे, थर वेगळे व्हायची वाट बघायची. एक किलो गंधकाम्ल मारलं की जवळपास दीड किलो सोडियम सल्फेट तयार होतं आणि वॉशच्या पाण्याबरोबर ते ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात), तिथून सीईटीपीत (वसाहतीच्या सामायिक केंद्रात) जातं. सीईटीपीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात, विरघळलेले क्षार त्यांच्या खाण्यातले नव्हेत. आत आलेला टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा भार, बहुतांशी तसाच बाहेर पडतो. उल्हास, वालधुनी किंवा कासाडी या नद्यांतले क्षार कमी करायचे असतील तर शेवटच्या टाकीवर कितीही खर्च करा, खरं काम रिअ‍ॅक्टरमध्येच व्हायला हवं.

फ्रीडेल-क्राफ्ट्स अ‍ॅसायलेशन (बेंझिनसारख्या कडीवर कार्बनी गट जोडून कीटोन बनवणं) हे याचं ठळक उदाहरण. अ‍ॅनिसोलपासून पॅरा-मेथॉक्सी अ‍ॅसिटोफिनोन बनवताना अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडला पुस्तकात उत्प्रेरक म्हणतात, पण लागतो मात्र तो मोलाला मोल, किंबहुना थोडा जास्तच. कारण तयार झालेल्या कीटोनचा ऑक्सिजन अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतो. १५० ग्रॅम मालामागे १.१ मोल, म्हणजे साधारण १४७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड. जवळजवळ किलोला किलो! हा बंध तोडायला बॅच बर्फाच्या पाण्यात ओतावी लागते. त्या वेळी हायड्रोजन क्लोराईडचा पांढरा धूर उठतो आणि स्क्रबर (वायू धुऊन काढणारं यंत्र) कमी पडला की शेडभर पसरतो. पुढे त्या आम्लधर्मी पाण्याचा पीएच वर नेला की अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईडचा बुळबुळीत साका सुटतो. तो फिल्टर प्रेसच्या कापडात भरतो, पाणी सोडत नाही, आणि तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जाणाऱ्या स्लजमध्ये निम्म्याहून जास्त वजन नुसत्या पाण्याचं असतं.

फ्रान्सच्या रोडिया कंपनीनं १९९०च्या दशकात हाच माल बीटा झिओलाइट या अतिसूक्ष्म छिद्रांच्या, आम्लधर्मी घन पदार्थाच्या स्थिर थरातून द्रव वाहता ठेवून बनवायला घेतला. अ‍ॅसिटिल क्लोराईडऐवजी अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राईड आलं, वेगळा सॉल्व्हंट (द्रावक) गेला. जुन्या पद्धतीत एक किलो मालामागे ४.५ किलो सांडपाणी निघायचं. नव्या पद्धतीत ते ०.०३५ किलोवर आलं आणि त्यातही ९९ टक्के पाणीच. एकूण १२ टप्पे होते, ते २ राहिले.

मात्र याच उदाहरणावरून ‘अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड बंद करा, झिओलाइट घाला’ असा सरसकट सल्ला देणं चूक ठरेल. अ‍ॅनिसोल, व्हेराट्रोल अशी इलेक्ट्रॉनांनी समृद्ध कडी असतील तिथे बीटा झिओलाइट उत्तम चालतो. टोल्युइनला तो जेमतेम आणि क्लोरोबेंझिनला जवळपास निरुपयोगी. शिवाय बनलेलं कीटोन अ‍ॅनिसोलपेक्षा जास्त ध्रुवीय असल्यामुळे झिओलाइटच्या छिद्रांत तेच ठाण मांडून बसतं आणि ताज्या अ‍ॅनिसोलला आत जागा उरत नाही. म्हणून अ‍ॅनिसोल भरपूर जास्त ठेवायचं आणि माल थरातून सतत वाहून न्यायचा. नेहमीच्या ग्लास-लाइन्ड (काचेच्या अस्तराच्या) रिअ‍ॅक्टरमध्ये एकदाच सगळं घालून ढवळत बसलं तर पहिल्या तासात वेग छान दिसतो आणि मग बॅच अर्ध्यात अडकते. दोष झिओलाइटच्या माथी मारला जातो, चुकलेली असते ती चालवण्याची रीत.

लहान कारखान्यानं सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर एस्टरीकरण (आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर बनवणं) हे आहे. इथे सल्फॉनिक गट असलेल्या सच्छिद्र रेझिनचे (कृत्रिम राळेचे) मणी गंधकाम्लाची जागा घेऊ शकतात. मुंबईला हा विषय नवा नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत), प्रा. मनमोहन शर्मा यांच्या गटानं कॅटायन-एक्स्चेंज रेझिन उत्प्रेरक म्हणून कशी वागतात यावर दीर्घकाळ काम केलं आहे आणि अशी रेझिन भारतात बनतातही. अडतं ते वापरण्याच्या तपशिलात.

रेझिन बहुधा ओलं येतं, वजनाच्या निम्मं पाणीच असतं. ‘५० किलो रेझिन घातलं’ म्हणताना कोरडं किती, हे आधी ठरवा. कोरड्या रेझिनची आम्ल क्षमता किलोला साधारण ४.७ इक्विव्हॅलंट (आम्ल जागा मोजण्याचं एकक) असते, सगळे हिशेब त्यावर. नवं रेझिन आधी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यानं धुवायचं. सुरुवातीचं पाणी पिवळट आणि आंबट येतं, कारण निर्मितीतले सुटे सल्फॉनिक तुकडे बाहेर पडत असतात. पाणी बिनरंगी आणि उदासीन होईपर्यंत थांबायचं नाही. ही पायरी गाळली की पहिल्या दोन-तीन बॅचना रंग येतो आणि ‘रेझिनमुळे माल पिवळा पडतो’ असा कायमचा ग्रह होतो. नंतर मिथेनॉलनं पाणी काढायचं, किंवा १०० ते १०५ अंश सेल्सिअसला वाळवायचं.

तापमानाची वरची मर्यादा १२० अंश. ती ओलांडली की सल्फॉनिक गट कडीवरून सुटतो आणि द्रवात गंधकाम्ल उतरतं. यात धोका असा की बॅच बिघडत नाही, उलट वेगानं पूर्ण होते. रेझिन चांगलं चालल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात काम द्रवातलं आम्ल करत असतं, आणि एसएस ३१६च्या (स्टेनलेस स्टीलच्या) पाइपला आतून खड्डे पडू लागतात. म्हणून दर बॅचला गाळलेल्या द्रवाची आम्लता मोजून नोंदवावी. वापरलेलं कार्बनी आम्ल वजा जाता उरलेली आम्लता बॅचगणिक वाढत गेली तर रेझिन विरतंय हे नक्की. ब्युटेनॉलसारख्या अल्कोहोलना ११० अंशांच्या वर नेऊही नये, पाण्याचा रेणू जाऊन ईथर बनायला लागतं आणि यील्ड (हाती येणारा माल) तिकडे गळतं.

मणी एजिटेटरखाली घालू नयेत. पात्याच्या माऱ्यानं ते फुटतात आणि चुरा फिल्टरच्या कापडात शिरतो. त्यापेक्षा रिअ‍ॅक्टरबाहेर एक कॉलम लावावा, त्यात रेझिन भरावं आणि पंपानं द्रव त्यातून फिरवत ठेवावा. तळाची जाळी ०.२५ मिमीची चालते. भरण्याआधी रेझिन ज्या अल्कोहोलमध्ये वापरायचं त्यातच रात्रभर भिजवून फुगू द्यावं आणि मग ओतावं. कोरडं रेझिन पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये आकारमानानं साधारण एक तृतीयांश फुगतं. काठोकाठ कोरडं भरलेला काचेचा कॉलम फुटतो, स्टीलचा असेल तर मणी चिरडतात. वर तिसरा हिस्सा तरी मोकळा राहू द्या.

अभिक्रियेतून निघणारं पाणी ही रेझिनची खरी अडचण आहे. सल्फॉनिक जागेवर अल्कोहोल किंवा आम्लापेक्षा पाणी घट्ट बसतं आणि वेग पडतो. ब्युटाइल अ‍ॅसिटेटमध्ये साधारण ९० अंशांना उकळणारं मिश्रण पाणी सोबत घेऊन वर येतं. ते डीन-स्टार्कसारख्या सापळ्यात वेगळं करून सेंद्रिय थर परत सोडला की समतोल पुढे सरकतो आणि रेझिनही कोरडं राहतं. पाणी काढायची सोय नसेल तर रेझिनच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आता सोडियमचा हिशेब. टेक्निकल ग्रेडच्या कच्च्या मालात किंवा परत वापरलेल्या अल्कोहोलमध्ये २० पीपीएम (दहा लाख भागांत २०) सोडियम आहे असं धरू. एक टन चार्जमधून (आत घातलेल्या कच्च्या मालातून) २० ग्रॅम, म्हणजे ०.८७ इक्विव्हॅलंट सोडियम आत येतं. प्रत्येक सोडियम एक आम्ल जागा बंद करतं. ५० किलो कोरड्या रेझिनच्या २३५ इक्विव्हॅलंटपैकी १०० टन चार्जनंतर ८७ गेले, म्हणजे ३७ टक्के. तोवर किलो रेझिनमागे २,००० किलो चार्ज झालेला असतो, हे काही वाईट नाही. पण सोडियम २०च्या जागी १०० पीपीएम असेल तर २७ टनांतच क्षमता निम्म्यावर येते. गंजलेल्या ड्रममधलं लोह, कडक पाण्याचं कॅल्शियम आणि अमीनचे अंश हेही असेच जागा अडवतात. मुख्य कॉलमच्या आधी स्वस्त रेझिनचा छोटा गार्ड कॉलम लावला की हा मार त्यावर जातो.

असं झाकलं गेलेलं रेझिन पुन्हा जागं करता येतं : पाण्याची धुणी, मग ५ ते ८ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, रेझिनच्या आकारमानाच्या तीन-चार पट, सावकाश वरून खाली. पुन्हा पाणी, पुन्हा अल्कोहोल. हे आम्ल स्टेनलेस स्टीलच्या कॉलमला खातं, त्यामुळे त्यासाठी एफआरपीचा (फायबर-प्लॅस्टिकचा) किंवा काचेच्या अस्तराचा कॉलम हवा. गंधकाम्ल वापरणार असाल आणि कॅल्शियम अडकलेलं असेल तर २ टक्क्यांच्या आसपासच ठेवा, नाहीतर मण्यांमध्येच जिप्सम जमतं आणि कॉलम बुजतो. आणि हे जागं करण्याचं पाणीही ईटीपीतच जातं. हरित प्रक्रियेच्या हिशेबात ते धरलं नसेल तर तो हिशेब अपुरा आहे.

चिमूटभर मणी दहापट भिंगाखाली अधूनमधून बघावेत. नवे मणी गोल, सलग, एकसारखे दिसतात. पाण्यातून एकदम अध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये आणि परत अशी उलथापालथ वरचेवर झाली की आधी चिरा पडतात, मग अर्धी कवचं दिसू लागतात आणि त्यानंतर काही आठवड्यांत कॉलमचा दाब वाढतो. दाबमापी बोलण्याआधी भिंग सांगतं.

आता नायट्रो संयुगांपासून अमीन बनवण्याकडे वळू. लोखंडाचा चुरा आणि थोडं आम्ल घालून होणारी बेशां रिडक्शन अजून जिवंत आहे. समीकरण सरळ आहे : चार मोल नायट्रोला नऊ मोल लोखंड लागतं आणि तीन मोल काळं लोह ऑक्साईड पडतं. अ‍ॅनिलीनपुरतं सांगायचं तर एक किलो अ‍ॅनिलीनमागे १.८७ किलो कोरडा गाळ, ओला आणि अमीन शोषलेला त्याहून कितीतरी जास्त. पॅलेडियम-चारकोल (कोळशावर बसवलेलं पॅलेडियम) किंवा रॅने निकेलवर हायड्रोजननं हीच अभिक्रिया केली तर सोबत निघतं फक्त पाणी, किलोला सुमारे ३९० ग्रॅम. फायदा उघड आहे.

तरीही ज्या कारखान्यात हायड्रोजनचा अनुभव नाही, त्यानं हे स्वतःच्या शेडमध्ये सुरू करू नये, ज्याच्याकडे ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं पात्र) आणि प्रशिक्षित माणसं आहेत त्याच्याकडून जॉबवर्क करून घ्यावं. कारण उष्णता. १२३ किलो नायट्रोबेंझिनमधून सुमारे ५५० मेगाज्यूल उष्णता सुटते. तेवढ्यात १०० अंशांचं जवळपास २४० किलो पाणी वाफ होऊन जाईल. आणि इथे पुनर्वापराचा एक असा मुद्दा येतो जो बातम्यांत सोडाच, प्रबंधांतही फार वेळा सुटतो. नायट्रोपासून अमीनपर्यंतच्या वाटेवर हायड्रॉक्सिलअमीन हा मधला पदार्थ बनतो. ताजा उत्प्रेरक त्याला लगेच पुढे ढकलतो. थकलेला उत्प्रेरक किंवा अपुरा हायड्रोजन असेल तर हा मधला पदार्थ साठत जातो आणि गरम अवस्थेत स्फोटक रीतीनं विघटित होऊ शकतो. म्हणजे सहाव्या-सातव्या वापरात ‘थोडा वेळ जास्त लागतोय, चालू द्या’ असं म्हणणं हा केवळ यील्डचा प्रश्न राहत नाही. हायड्रोजन ओढण्याचा वेग ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की तापमान न वाढवता बॅच थांबवायची आणि नमुना तपासायचा, हा नियम भिंतीवर लिहिलेला असावा. गंधकयुक्त अशुद्धी पॅलेडियमला चटकन मारतात. कडीवर क्लोरीन असेल तर पॅलेडियम तो उपटून काढतं, तिथे सल्फाइड केलेलं प्लॅटिनम-चारकोल बरं.

सगळ्यात जपायची जागा गाळणीची. गाळणीवर उरलेली उत्प्रेरकाची काळी केक वरून ओली दिसते, पण कडेला, भिंतीलगत ती आधी सुकते, बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांतून हवा ओढली जाते. हायड्रोजन शोषलेलं पॅलेडियम, मिथेनॉलची वाफ आणि हवा एकत्र आली की ठिणगी बाहेरून यावी लागत नाही. म्हणून गाळणी नायट्रोजनच्या दाबाखाली करायची, व्हॅक्यूमनं हवा ओढायची नाही. केकवर द्रवाचा थर संपण्याआधी पुढचं धुणं सोडायचं, शेवटचं धुणं पाण्याचं, आणि केक ओलीच झाकणबंद ड्रममध्ये. शक्य असेल तिथे ती बाहेर काढूच नये : बंद कँडल फिल्टरमधून उलट धुऊन ती तशीच पुढच्या बॅचला रिअ‍ॅक्टरमध्ये न्यावी आणि दर वेळी थोडी ताजी भर घालावी.

आता ‘दहा वेळा वापरला’ या दाव्याकडे येऊ. मालाच्या वजनाच्या १० टक्के उत्प्रेरक घालून तो दहा वेळा वापरला तर किलोला १०० किलो माल निघाला. १ टक्का पीटीएसए एकदाच वापरून फेकलं तरी किलोला १०० किलोच. धुण्याचं पाणी वाचलं हा लाभ खरा, पण त्या घन उत्प्रेरकाच्या निर्मितीत किती सॉल्व्हंट, किती सिलेन (सिलिकॉनयुक्त रसायन), किती धुणी गेली हे मोजलं तर तोही कधी कधी उरत नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या वेळेची. एखादी अभिक्रिया ताज्या उत्प्रेरकावर एका तासात ९९ टक्के होते आणि प्रयोगात दर वेळी चार तास चालवली जाते असं समजा. उत्प्रेरकाची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली तरी चार तासांनी ९९.८ टक्के कन्व्हर्जन (कच्च्या मालाचं रूपांतर) मिळेल. तक्त्यात सगळ्या वापरांचे रकाने सारखे दिसतील आणि ‘क्रियाशीलता टिकून आहे’ असं खाली लिहिलं जाईल. खरी तपासणी अर्धवट टप्प्यावर होते : दर वापरात ३० ते ४० टक्के कन्व्हर्जनच्या आसपास, ठरावीक मिनिटांनी नमुना घ्यायचा आणि सुरुवातीचा वेग मोजायचा. ५० मिलिग्रॅम उत्प्रेरकातला किती कागदाला चिकटून गेला आणि पुढच्या वेळी किती भर घातली, हेही लिहायला हवं. दर गाळणीत ५ टक्के हरवले तर दहा वेळांनंतर मूळचा ६० टक्केच उरतो.

तिसरी गोष्ट उत्प्रेरक खरोखर घन अवस्थेतच काम करतो का, ही. यासाठी गरम गाळणीची चाचणी आहे. कन्व्हर्जन ३० टक्क्यांवर असताना, अभिक्रियेच्याच तापमानाला, ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉनच्या) पडद्यातून द्रव गाळायचा आणि गाळलेला द्रव त्याच तापमानाला पुढे चालू ठेवायचा. कन्व्हर्जन वाढत राहिलं तर कर्ता द्रवात आहे. गार करून गाळलं तर चाचणी फसते, कारण सुटलेलं पॅलेडियम थंड होताना पुन्हा आधारावर जाऊन बसतं. हेक, सुझुकी यांसारख्या जोडणी अभिक्रियांत तर ते अभिक्रिया संपत आली की आपसूक परत बसतं. त्यामुळे या चाचणीतून ‘नाही’ आलं तरी ते पुरेसं नाही, गाळलेल्या द्रवातला धातू आयसीपीवर (सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलाच पाहिजे. औषधात हा आकडा शोभेचा नसतो : आयसीएच या औषध-मानकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू-३-डी मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडावाटे घेण्याच्या औषधांत पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे १० ग्रॅमचा दैनिक डोस धरला तर १० पीपीएम.

याच कसोटीवर काही लोकप्रिय उत्प्रेरकांबद्दल थोडक्यात. हेटेरोपॉली आम्लं (टंगस्टनसारख्या धातूंची घन आम्लं) तीव्र असतात, पण पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये सरळ विरघळतात. मातीवर किंवा सिलिकावर नुसती बसवली तर ध्रुवीय सॉल्व्हंट ती धुऊन नेतो. त्यांचं सीझियम मीठ विरघळत नाही, मात्र बारीक कणांमुळे द्रव दुधट होतो आणि गाळणीतून निसटतो. ते के-१० या आम्लधर्मी मातीच्या छिद्रांतच तयार करायचं, हा त्यावरचा चांगला उपाय. आयसीटीत प्रा. गणपती यादव यांच्या गटानं या दिशेनं बरंच काम केलेलं आहे. सल्फेटेड झिर्कोनियाचं सल्फेट पाण्यानं उतरतं, पाणी बनणाऱ्या अभिक्रियेत जपून. बायोडिझेलसाठीचा कॅल्शियम ऑक्साईड हवेतला कार्बन डायऑक्साईड पिऊन निष्प्रभ होतो आणि मिथेनॉलमध्ये थोडा विरघळून साबण करतो. चुंबकानं ओढून घेता येणारे नॅनोकण प्रयोगशाळेच्या बाटलीत फार देखणे दिसतात, पण लोह ऑक्साईडचा गाभा आम्लात विरघळतो, आणि ३,००० लिटरच्या पात्रातून चुंबकानं कण गोळा करण्यापेक्षा साधा चांगला फिल्टर स्वस्त पडतो. संशोधन व्हावं, पण उद्योगासाठीचं उत्तर म्हणून ते आत्ता मांडू नये.

झिओलाइट आणि मातीच्या उत्प्रेरकांचं मरण बहुधा छिद्रांत साचलेल्या डांबरी कार्बनमुळे येतं. तो जाळून काढता येतो, ५०० ते ५५० अंशांवर, पण घाई चालत नाही. आधी अडकलेला सॉल्व्हंट नायट्रोजनखाली १५०-२०० अंशांवर पूर्ण काढायचा, तो तसाच भट्टीत गेला तर भट्टीत भडका उडतो. मग मिनिटाला एक-दोन अंश एवढ्याच वेगानं तापमान चढवायचं, सुरुवातीला नायट्रोजनमध्ये १-२ टक्के ऑक्सिजन, कार्बन जळून संपत आला की साधी हवा. एकदम हवा सोडली तर थराच्या आत तापमान भट्टीच्या काट्यापेक्षा शंभर-दोनशे अंश वर जातं, सोबत पाण्याची वाफ बनते, आणि ती वाफ झिओलाइटच्या स्फटिक-जाळीतलं अ‍ॅल्युमिनियमच बाहेर काढते. आम्ल जागा गेल्या की त्या परत येत नाहीत. रंग पांढरा झाला म्हणजे उत्प्रेरक ताजा झाला, असं मानू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्याचाही यात वाटा आहे. भाजून काढलेला झिओलाइट जुलैच्या हवेत उघडा राहिला तर थोड्याच वेळात वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त ओल ओढून घेतो. मग वजन चुकतं, आणि अ‍ॅनहायड्राईडच्या अभिक्रियेत ते पाणी अ‍ॅनहायड्राईड खाऊन टाकतं. भट्टीतून काढून १२० अंशांवर असतानाच बंद डब्यात, वजन झटपट, आणि वापरापूर्वी पुन्हा तापवणं. जून ते सप्टेंबरच्या बॅच ‘का कोण जाणे’ मंद चालतात, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

अशी नियंत्रित भट्टी लहान कारखान्याला एकट्याला परवडत नाही आणि तिची रोज गरजही नसते. अंबरनाथ, तारापूर, तळोजा इथल्या औद्योगिक संघटना सीईटीपी सामायिक चालवू शकतात, तर उत्प्रेरक जाळून ताजा करण्याची भट्टी, पृष्ठफळ आणि आम्लता मोजण्याची सोय आणि एक आयसीपी यंत्र सामायिक का असू नये? संशोधन संस्थांनी प्रबंधात वापरांच्या संख्येबरोबर किलोमागे माल, अर्धवट टप्प्यावरचा वेग आणि द्रवातला धातू हे तीन आकडे दिले, तर कारखानदाराला तो प्रबंध वाचून निर्णय घेता येईल. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या बातमीच्या वेळी हेच तीन आकडे मागावेत, अशी विनंती.

एक गोष्ट राहते : उत्प्रेरक कायमचा मेला की त्याचं काय? २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरून संपलेला उत्प्रेरक घातक कचऱ्यात मोडतो. पॅलेडियम-चारकोल धातू परत काढणाऱ्या रिफायनरला जातो, तो धातूच्या किमतीमुळे कुणी टाकत नाही. झिओलाइट आणि माती यांत जड धातू नसतील तर त्या भरावात जाऊ शकतात. सल्फॉनिक रेझिन मात्र जाळलं की सल्फर डायऑक्साईड देतं, त्यामुळे ते क्षार-धुलाईचा स्क्रबर असलेल्या भट्टीतच गेलं पाहिजे, बॉयलरच्या चुलीत टाकण्याचा प्रकार बंद व्हावा. रेझिन विकणाऱ्या कंपन्यांनी नवा माल देताना जुना परत घेण्याची अट पुरवठ्याच्या करारातच घातली, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही किती आलं आणि किती परत गेलं याचा ताळा घालणं सोपं जाईल.

आपले,
कार्बनी रसायन क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
मुंबई